बोटभर अंतर

“आवाज आला नाही पाहिजे,” फर्नांडिस सर म्हणाले. “पाण्याच्या जगची चोच ग्लासाच्या काठापासून बोटभर वर. टेकवायची नाही, आणि त्याहून उचलायचीही नाही. पाहुणा गप्पांत असला तर आपला ग्लास कधी भरला हे त्याला कळता कामा नये. समजलं?”

“येस सर,” पोरं एका सुरात म्हणाली.

कुंडलिक गायकवाड तेवढा म्हणाला नाही. त्याच वेळी बाहेर खडीवर एक जीप येऊन थांबली होती, आणि थांबण्याआधी ती दोनदा खाकरली होती. ज्या गावात एकच मोटार असते, त्या गावच्या माणसाला तिचा आवाज झोपेतही ओळखू येतो. कुंडलिकनं मान न वळवता नुसते डोळे खिडकीकडे नेले. जीपमधून बंद गळ्याचा कोट घातलेला एक आडव्या अंगाचा माणूस उतरत होता. कोट कोरा करकरीत होता, फेटा जुनाच, आणि मिशा तर कुंडलिकला कळायला लागल्यापासून होत्या तशाच होत्या.

ते साहेबराव पाटील होते. कुंडलिकच्या गावचे.

हातातला जग कुंडलिकनं टेबलावर ठेवला, कारण तो पडला असता तर त्याचा आवाज नक्कीच झाला असता.

एकोणसत्तर सालचा चैत्र संपत आला होता. मुंबईच्या केटरिंग कॉलेजातली शेवटच्या वर्षाची पोरं फर्नांडिस सरांबरोबर बाहेरची कामं बघायला निघाली होती. पुण्यातली हॉटेलं बघून झाली होती, आणि आज भोरजवळ धरणाच्या पाण्याकाठी असलेल्या कंट्री क्लबात सभासदांना दुपारचं जेवण वाढायचं होतं. क्लब म्हणजे कुण्या गोऱ्या इंजिनियरचा जुना बंगला. लाल कौलं, पुढं हिरवंगार लॉन, त्यावर सकाळ-संध्याकाळ फिरणारा पाण्याचा फवारा, आणि काठाशी बांधलेल्या नावा. पुण्याची बडी माणसं रविवारी मोटारी घेऊन यायची. फाटकावर ‘सभासदांखेरीज आत येऊ नये’ अशी पाटी होती. वाचता येणाऱ्यांनी ती वाचून थांबायचं, आणि न येणाऱ्यांना गुरखा थांबवायचा.

सरांनी वर्गात या क्लबाचं नाव काढलं तेव्हा बाकीची पोरं हरखली होती. कुंडलिकची झोप उडाली होती. डोंगराची एक रांग ओलांडली की पलीकडं मार्गासनी, आणि मार्गासनीच्या पुढं आत त्याचं गाव. पण त्यानं स्वतःची समजूत घातली होती. पुण्याच्या लोकांचा क्लब, तिथं आपल्याकडचं कोण कशाला कडमडायला येतंय? आणि आता आपल्याकडचं माणूस, नको तेच नेमकं, क्लबाच्या पायऱ्या चढत होतं.

एवढं भ्यायचं काय कारण, हे सांगायचं तर विहिरीपासून सांगावं लागेल.

त्याच्या गावात ओढ्याच्या खालच्या अंगाला बौद्धवस्ती होती. चैत्रात ओढा आटायचा आणि पाणी म्हणजे पाटलांची विहीर एवढंच उरायचं. त्या विहिरीत वस्तीच्या पोहऱ्यानं उतरायचं नाही अशी रीत होती. बायकांनी कळश्या घेऊन कठड्यापासून लांब बसायचं आणि हाक घालायची, “पानी वाढा वो!” मग पाटलांचा गडी गेनबा त्याला वेळ मिळेल तेव्हा यायचा, पोहरा काढायचा, आणि उंचावरून कळशीत पाणी सोडायचा. पोहरा कळशीला शिवू नये म्हणून उंचावरून. निम्मं कळशीत जायचं, निम्मं मातीत. राज्य बदललं होतं, कायदा झाला होता, वस्तीनं धर्म बदलून जुने देव नदीत सोडले होते. विहीर मात्र होती तिथंच होती.

दोन वर्षांमागं कुंडलिकचा चुलतभाऊ भिमा सायकलवरून न उतरता पाटलांच्या दारावरून गेला. साहेबराव ओरडले नाहीत, शिवी दिली नाही, काहीच बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून गेनबाला वेळ मिळेनासा झाला. बायका दिवस दिवस हाका घालून परत यायच्या. मग त्यांनी नदीच्या पात्रात झिरे खणले आणि गढूळ पाणी फडक्यातून गाळून प्यायला घेतलं. त्या पाण्यानं भिमाची तान्ही पोर हगवण लागून गेली. भिमानं सायकल विकली. त्यानंतर गेनबाला पुन्हा वेळ मिळू लागला.

कुंडलिक मुंबईला काय शिकतो हे म्हणूनच गावात कुणाला ठाऊक नव्हतं. साहेबरावांनी एकदा विचारलं होतं तेव्हा त्याचा बाप रखमाजी खाली बघत म्हणाला होता, “हापिसातलं काय काय शिकतुया, जी.” ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नाही त्यांचं पोरगं लोकांना जेवायला वाढायचं शिकतंय, हे साहेबरावांना सांगायची कुणाची छाती होती? आणि आता त्याच साहेबरावांना त्याच पोरानं वाढायचं. त्यांनी ओळखलं, की उद्यापासून गेनबाला वेळ मिळणार नाही. बाहेर लॉनवर फवारा फिरत होता आणि कुंडलिकच्या डोळ्यांपुढं त्याची आई रिकामी कळशी घेऊन बसली होती.

“गायकवाड, मधलं टेबल तुझं,” सर म्हणाले. “कर्नलसाहेब, त्यांच्या बाई, आणि आजचे खास पाहुणे कोण ते पाटील. क्लबाच्या रस्त्याला डांबर हवंय आणि जिल्हा परिषदेतलं डांबर त्यांच्या शब्दावर आहे. आज त्यांना सभासद करून घेताहेत. नीट सांभाळ.”

“सर, मी पॅन्ट्रीत थांबतो.”

“का रे?”

“बरं वाटत नाहीये.”

सरांनी पुढं होऊन त्याच्या कपाळाला हात लावला. वसईचा माणूस, पोरांना पोटच्या पोरांसारखं वागवणारा. “ताप नाही,” ते म्हणाले. “ही भीती आहे. वर्गात सगळ्यांत शांत हात तुझा, आणि आज कापतोय? पाहुण्याला भ्यायचं असेल तर गायकवाड, हा धंदा सोड आणि दुसरं काही बघ.”

तेव्हा सांगता आलं असतं. पण मुंबईत गायकवाड म्हणजे कुठले गायकवाड हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही आपण होऊन सांगितलं नव्हतं. इतक्या दिवसांची न सांगितलेली गोष्ट क्लबाच्या जेवणघरात, पांढऱ्या टेबलक्लॉथपुढं कशी सांगायची? तो “येस सर” म्हणाला आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

क्लबाचा खानसामा अल्लाउद्दीन भोरचा. म्हातारा झाला होता, पण रश्श्याची चव घ्यायला अजून दुसऱ्या कुणाला चमचा देत नव्हता. त्यानं पोराकडं एकदा बघितलं, पुन्हा बघितलं.

“काय रं, त्वांड का उतरलंय? कुठला तू?”

“मुंबईचा.”

“मुंबईचा म्हनं! मगाशी ताटल्या ठिवताना ‘हितं ठिवू का’ म्हनालास. मुंबईचं मानूस ‘इथं’ म्हनतंय.”

कुंडलिकला हसू आलं नाही. इतक्या दिवसांत कुणीतरी आपली बोली ओळखली याचं बरं वाटलं आणि त्याचीच धडकी भरली. मग त्यानं भाजीच्या टोपल्यांआड, हळू आवाजात, अल्लाउद्दीनला सगळं सांगून टाकलं. विहीर, गेनबा, भिमाची पोर, सगळं.

अल्लाउद्दीन रस्सा ढवळता ढवळता थांबला.

“त्यो व्हय?” तो म्हणाला. “मागल्या रविवारी बी कर्नलसायबानं बोलीवला हुता. माज्या हातचं मटन हाडं चोखून खाल्लं. आनि भोरात आमच्या दारी आला का च्याला हात लावत न्हाई. म्हनतो, चाचा, पोटात गडबड हाय. हितं आला का समदी गडबड बरी हुती.”

“मला ओळखलं तर, चाचा?”

“ह्ये बग पोरा, आख्खी उमर ह्या घरात वाढन्यात गेली माजी. आदी गोरं सायब, मग आपलं सायब. वाढनाऱ्याच्या तोंडाकडं कुनी बगत न्हाई. पांढरा कोट बगत्यात, हात बगत्यात. तू खाली मान घाल आनि काम करून बाहीर पड. कुनाला ठाव बी लागनार न्हाई.”

म्हाताऱ्यानं हे धीर द्यायला सांगितलं होतं. कुंडलिकला त्याचा थोडा धीर आलाही. त्यानं टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि सूपचा ट्रे उचलला.

मधल्या टेबलावर कर्नलसाहेब, त्यांच्या बाई, पुण्याचे दोन व्यापारी, आणि खिडकीकडं पाठ करून साहेबराव बसले होते. कुंडलिकनं आधी बाईंना, मग बाकीच्यांना सूप वाढलं. साहेबरावांच्या जवळ गेला तेव्हा तोच ओळखीचा वास आला, तपकिरीचा आणि खोबरेल तेलाचा. लहानपणी हा वास आला की आई त्याचं मनगट धरून रस्त्याच्या कडेला ओढायची आणि दबक्या आवाजात म्हणायची, “शिवू नगं. कशालाच शिवू नगं.”

साहेबरावांनी वर बघितलं नाही. अल्लाउद्दीनचं खरं होतं. पण वर न बघायचं कारण वेगळं होतं, आणि ते कुंडलिकला लगेच दिसलं. साहेबरावांचे डोळे कर्नलसाहेबांच्या हातावर खिळले होते. कर्नलसाहेबांनी कोणता चमचा उचलला ते बघून मग यांचा हात निघायचा. सूप ओढताना फुरका मारला गेला तेव्हा ते दचकले आणि त्यांनी चमचा अर्ध्यावर खाली ठेवला. बाई काहीतरी विचारायच्या, हे घाईघाईनं “व्हय, व्हय” म्हणायचे आणि कपाळ पुसायचे. अख्ख्या गावाला धाक घालणारा माणूस काट्याचमच्यांना भ्यायला होता.

हे बघून कुंडलिकला मजा वाटायला हवी होती. वाटली नाही. बुजलेल्या बैलाच्या पुढ्यात जाऊ नये एवढं त्याला गावानं शिकवलं होतं. त्याची भीती उलट वाढली.

सूप उचललं, मटण आलं, भात आला. कुंडलिक डाव्या बाजूनं वाकून वाढत होता आणि साहेबराव त्याच्या हातचं खात होते. प्रत्येक घासागणिक कुंडलिकला वाटत होतं, आता बघतील, आता बघतील. पण साहेबराव खात होते, आणि मटण आल्यावर तर त्यांना जरा कंठ फुटला होता. जिल्हा परिषदेतल्या गमती ते सांगू लागले. कर्नलसाहेब हसत होते. जेवण निम्म्यावर आलं होतं. आता गोड वाढलं की सुटलो, असं कुंडलिकनं मनाशी म्हटलं.

मग पाणी आलं.

जग घेऊन तो उजव्या बाजूनं निघाला. कर्नलसाहेबांचा ग्लास भरला, आवाज नाही. बाईंचा भरला, आवाज नाही. व्यापाऱ्यांचे भरले. दाराशी उभ्या असलेल्या सरांनी समाधानानं मान हलवली. कुंडलिक साहेबरावांच्या उजव्या खांद्यापाशी आला. ग्लास त्यांच्या बोटांच्या अगदी जवळ होता. पुन्हा तो तपकिरीचा वास आला, आणि त्याबरोबर मनगटावर आईची पकड आली. शिवू नगं.

त्याच्या हातानं त्याला विचारलं नाही. जगची चोच ग्लासापासून बोटभर होती ती वीतभर झाली, मग हातभर झाली. ग्लासाला शिवू नये, साहेबरावांच्या बोटाला शिवू नये, विटाळ होऊ नये, आणि उद्या विहिरीवर आईला पाणी मिळावं, एवढ्यासाठी तो हात वर वर जात राहिला. पाणी उंचावरून ग्लासात पडलं. घळघळ असा मोठा आवाज झाला. गावच्या विहिरीवर व्हायचा तसाच. शिंतोडे टेबलक्लॉथवर उडाले, आणि त्या कोऱ्या कोटावरही.

“अगंबाई!” कर्नलांच्या बाई म्हणाल्या.

“काय रे, धबधबा आणलास का?” असं म्हणून कर्नलसाहेब मोठ्यानं हसले.

साहेबराव हसले नाहीत. त्यांनी कोटाकडंही बघितलं नाही. त्यांनी आधी त्या उंच धरलेल्या जगकडं बघितलं, मग हातावरून नजर चढवत तोंडाकडं. असं वरून पाणी जन्मात त्यांना कुणी वाढलं नव्हतं. कुंडलिकनं जग उचलला होता तो त्यांचा मान राखायला, पण वरून पाणी कुणाला वाढतात हे त्या टेबलावर दोघांनाच ठाऊक होतं.

“रखम्याचा न्हवं तू?” साहेबरावांचे नुसते ओठ हलले.

“जी,” कुंडलिक म्हणाला. तीन वर्षं जिभेवर येऊ न दिलेला शब्द. तो आलाच.

“ओळखता तुम्ही याला, पाटीलसाहेब?” कर्नलसाहेबांनी सहज विचारलं.

सर धावत येऊन पाठीशी उभे राहिले. कुंडलिकला वाटलं, आता हा माणूस ताट सारून उठणार, आणि तिकडं वस्तीतल्या बायकांनी झिरे खणायला निघायचं. त्यानं आधारासाठी खुर्चीची पाठ धरली आणि लगेच सोडली, कारण खुर्ची साहेबरावांची होती.

साहेबराव ताटाकडं बघत होते. ताटात निम्मं मटण संपलं होतं. ओळखतो म्हणावं तर कोण, कुणाचा, ते सांगावं लागणार, आणि सांगितलं तर पोटात गेलेल्याचं काय करायचं? उठून जावं तर पुण्याचे लोक काय म्हणणार? त्यांच्या कपाळावरची शीर उडताना कुंडलिकला दिसली.

“न्हाई,” साहेबराव म्हणाले. “म्हंजी… न्हाई वळखत. माजाच हात लागला गलासाला. पोराची चूक न्हाई.”

“वा! मोठं मन आहे तुमचं,” कर्नलसाहेब म्हणाले आणि त्यांनी आपला ग्लास उचलला. “चला तर मग, आपल्या नव्या सभासदाच्या नावानं. दुपारच्या वेळी पाणीच बरं.”

सगळ्यांनी ग्लास उचलले. साहेबरावांनीही उचलला. ओठांपर्यंत नेला आणि तिथंच धरला. कुंडलिकनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साहेबराव पाणी पीत होते. कडू काढा घशाखाली लोटावा तसे एका दमात, सगळं, थेंबही न ठेवता. ग्लास खाली ठेवून ते कुणी न विचारताच म्हणाले, “ग्वाड हाय पानी.”

जेवणं आटोपली. स्वयंपाकघरामागं ताटं धुवायच्या जागी कुंडलिक जग विसळत होता. सरांनी त्याला दोन शब्द सुनावले होते, पण फार नाही. पाहुण्यानंच चूक अंगावर घेतली म्हटल्यावर त्यांना बोलायला फारसं उरलं नव्हतं. तेवढ्यात मागच्या दारातून साहेबराव आले. मटण खाऊन चूळ न भरता बसणं गावच्या माणसाला जमत नाही, आणि आत बेसिनवर आरशापुढं खुळखुळ करायची त्यांना लाज वाटली असावी. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. मग ते मोरीच्या कडेला वाकले आणि त्यांनी ओंजळ पुढं केली.

“वत,” ते म्हणाले.

कुंडलिकनं जग तिरका केला. पाणी वरून त्यांच्या ओंजळीत पडू लागलं. त्यांनी चूळ भरली, थुंकली, पुन्हा ओंजळ धरली. “आनखी.” पुन्हा चूळ. “आनखी.” मघाचं सगळंच धुऊन काढायचं असावं तसे ते चुळा भरत राहिले. वाकलेली पाठ, पुढं आलेली ओंजळ, आणि वरून पडणारं पाणी. अशी पाठ आणि अशी ओंजळ कुंडलिकनं विहिरीपाशी वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची रोज बघितली होती. पाटलांची बघावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं. त्याला त्याचा आनंद झाला नाही.

साहेबराव उठले आणि त्यांनी फेट्याच्या शेमल्यानं मिशा पुसल्या.

“कुनाला बोललास?”

“न्हाई जी.”

“बोलायचं न्हाई. बापाला बी न्हाई.” त्यांनी मागं वळून दाराकडं बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. “आमची म्हातारी अजून जिती हाय. तिला कळलं तर ती मला उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाई. ताट येगळं मांडंल माजं. पाटलाचं ताट पडवीत, म्हंजी गाव काय म्हनंल?”

एवढा मोठा माणूस, जीपवाला, आणि आईनं ताट वेगळं मांडण्याला भितो. कुंडलिकला क्षणभर त्याची कीव आली, आणि त्या क्षणाच्या जोरावरच त्याच्या तोंडून निघून गेलं, “आनि वस्तीचं पानी, जी?”

साहेबरावांनी त्याच्याकडं निरखून बघितलं. विहिरीचा मालक पुन्हा डोळ्यांत आला.

“पानी मिळंल,” ते म्हणाले. “गेनबाला सांगतो. रोज सकाळच्या पारी, काठोकाठ. कुनी हाळी घालायची गरज न्हाई. पन तू गावात दिसायचं न्हाईस. म्हातारी हाय तवर न्हाई. तुजं त्वांड दिसलं का आजचं माज्या त्वांडावर दिसंल, आनि म्हातारीला माजं त्वांड वाचता येतंय.”

“आयेला, आबाला भेटायला बी…?”

“त्यांनी यावं तुज्याकडं. दिसलास, का पानी गेलं.”

“जी,” कुंडलिक म्हणाला.

साहेबराव कोट झटकत आत कॉफीला गेले. दाराआड अल्लाउद्दीन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“त्यो तुला भ्यालाय, पोरा,” तो म्हणाला. “तू ‘जी’ कशाला म्हनलास?”

“दुसरं काय म्हनू, चाचा? इहीर त्याची हाय.”

अल्लाउद्दीननं कपात चहा ओतला आणि पोराच्या हातात दिला.

संध्याकाळी पोरांची गाडी भोरहून पुण्याकडं निघाली. नसरापूरला मार्गासनीकडचा फाटा आला तेव्हा बाकीची पोरं गाणी म्हणत होती. कुंडलिक खिडकीला कपाळ लावून त्या रस्त्याकडं, तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

पुढं त्याला मुंबईत एका मोठ्या हॉटेलात नोकरी लागली. एक पावसाळा गेला, दिवाळी गेली. दर खेपेला तो घरी निरोप धाडायचा की सुट्टी नाही. पुढच्या चैत्रात त्यानं बापाला नसरापूरच्या फाट्यावर बोलावून घेतलं. तिथं अल्लाउद्दीनच्या पुतण्यानं, अय्युबनं, चहाचं हॉटेल टाकलं होतं. तिथं सगळ्यांना सारख्याच कपबश्या होत्या. तरी रखमाजी सवयीनं बाहेरच्या दगडावर टेकला, आणि कुंडलिकनं हाताला धरून त्याला आत बाकावर आणून बसवलं.

“वाळलास रं,” रखमाजी म्हणाला. “आयेनं लाडू दिल्यात. ती येनार हुती, पन गुडगं धरल्यात तिचं.”

“पानी मिळतंय का, आबा?”

“आरं, ते तर इचारूच नगंस!” रखमाजीचा चेहरा खुलला. “सकाळ उजाडायला गेनबा हजर. कळश्या भरून देतुया, सांडत बी न्हाई. परवा तर तुज्या आयेला म्हनला, पारूबाई, तुमी कशाला येताय, धाडा कुनाला बी. आता बोल! पाटील सुदारला म्हनत्यात समदी. मानूस कवा बदलंल सांगता येत न्हाई.”

कुंडलिकनं विचारलं, “म्हातारी कशी हाय?”

“कोन, तुजी आजी? ती जाऊन किती सालं झाली की.”

“तसं न्हाई. पाटलाची आई.”

“ती व्हय? लई खनखनीत,” रखमाजी म्हणाला. “परवा अंगनात बसून दातानं चनं फोडीत हुती. शंभरी गाठती बग ती. पन तुला तिची काय पडलीया? तू घरला कवा येतुस ते सांग. तुजी आये सांजच्याला रस्त्यावर येऊन बसती. यष्टी गेली का मग उठती.”

कुंडलिक उठून अय्युबच्या ओट्याकडं गेला. परत आला तेव्हा रखमाजीला तहान लागली होती आणि त्यानं बाकावर बसल्या बसल्या, बोलता बोलता, दोन्ही हातांची ओंजळ पुढं धरली होती. आपण काय करतोय हे त्याला कळतही नव्हतं.

कुंडलिकनं ती ओंजळ हलकेच मिटवून बापाच्या मांडीवर ठेवली. एक ग्लास आणला, आपल्या पांढऱ्या रुमालानं काठापर्यंत पुसला आणि बापाच्या उजव्या हाताशी मांडला. अय्युबकडचा पाण्याचा जग घेऊन तो बापाच्या उजव्या खांद्यापाशी सरळ उभा राहिला.

“आरं बस की, हुबा का?” रखमाजी म्हणाला, आणि पुन्हा सांगू लागला. शेळी व्याली होती. भिमाला पोरगा झाला होता. आईनं त्याच्या अंथरुणाची वाकळ धुऊन, ऊन दाखवून परत घडी घालून ठेवली होती.

कुंडलिक वाकला. जगची चोच ग्लासाच्या काठापासून बोटभर वर आली, तिथंच थांबली, आणि हात कापला नाही. ग्लास भरला. आवाज झाला नाही. रखमाजी बोलतच राहिला, आपला ग्लास कधी भरला ते त्याला कळलं नाही.